ऊन दाखवलेली पुस्तके

"हिच्या यादीतली सुरुवातीची सगळी पुस्तकं आमच्या घरची बरं का," सर म्हणाले. "आणि हे ऊन दाखवण्याचं जे लिहिलंय ना हिने, त्याची गंमत सांगतो. ही पुस्तक परत घेऊन आली, की आमच्या मातोश्री ते सुपात घालून दोन-तीन दिवस उन्हात ठेवायच्या. मगच कपाटात. सोवळं कडक हो! पुस्तकालासुद्धा सुटका नाही."

पडद्यावरच्या चौकटी हसल्या. ज्यांचे आवाज बंद होते त्यांचे नुसते दात दिसले. कोणीतरी हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा पाठवला. त्याच्यामागून तसलेच आणखी आले.

एका चौकटीत माझाही चेहरा होता. तोही हसत होता. सर हसले की हसायचे, ही सवय शाळेपासूनची.

प्रसंग क्रमाने सांगते. आमचा वाचकांचा एक ऑनलाइन गट आहे. मुंबई-पुण्याची माणसे आहेत, काही आमच्या श्रीवर्धन तालुक्यातली. वर्ष सरताना प्रत्येकाने आपली वाचनयादी गटावर टाकायची, पुस्तकापुढे ते कोणामुळे हाती आले ते लिहायचे, आणि एका रविवारी दुपारी व्हिडिओवर जमून या याद्या वाचायच्या, अशी पद्धत. या खेपेला विषय होता, मला घडवणारी पुस्तके. गट सरांनी काढलेला. ते माझे हायस्कुलातले मराठीचे शिक्षक. दिवेआगरला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. त्या वाडीत माझी आई सुपारी सोलायला जायची. आम्ही बोर्लीकडच्या बौद्धवाडीतले. आज मी प्राथमिक शाळेत शिकवते.

माझ्या यादीत मी लिहिले होते, "ही पुस्तके मला सरांच्या ओटीवर मिळाली. पुस्तक जपायचे कसे, हे मी त्या घरात शिकले. परत आलेल्या पुस्तकाला तिथे ऊन दाखवत."

हे मी कृतज्ञतेने लिहिले होते. शब्द तोलून. दोनदा तपासून.

मला ते अंगण लख्ख आठवते. सर ओटीच्या कडेला पुस्तक ठेवत, मी उचलत असे. वाचून झाले की खाकी कागदाचे कव्हर घालून परत नेत असे. पायरीशी सूप तयार असे. सरांच्या आई दारातून म्हणत, "त्यात ठेव हो. ऊन खाऊ दे त्यांना." मला ते वाक्य फार आवडायचे. पुस्तकेही ऊन खातात! आमच्याकडे ऊन मिरच्यांना, सोड्यांना, गोधड्यांना. पुस्तकाला इतके जपणारे घर मी दुसरे पाहिले नव्हते.

पुढे शिक्षिका झाल्यावर मी हीच पद्धत वर्गात आणली. शनिवारी शाळा सुटण्याआधी मुले वाचनपेटीतली पुस्तके अंगणात मांडतात. "कोकणात ओल फार, म्हणून ऊन दाखवायचे," असे मी त्यांना सांगत आले. चक्रीवादळात सरांच्या घराचे छप्पर गेले, कपाट भिजले, तेव्हा त्यांची पुस्तके मी माझ्या शाळेच्या अंगणात पान-पान उलगडून वाळवली. परत नेली तेव्हा सरांनी ती हातात घेतली आणि डोळे पुसले. मला धन्य वाटले.

पडद्यावर लोक हसत होते, आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. शेजारच्या डॉक्टरांचा मुलगाही पुस्तके न्यायचा. त्याची सुपात गेलेली मी कधी पाहिली नव्हती. तो थेट माजघरात जाई. पावसाळ्यात ऊन नसे, तरी माझी पुस्तके पडवीतच राहत. एकाला तिथे बुरशी आली. ओल घालवायची असती तर पुस्तके चुलीच्या उबेला, आत नेली असती. आत न्यायचीच नव्हती. इतके साधे अनुमान. चौथीतले मूल काढील. मला लागली अर्धी हयात.

मी माइक सुरू केला.

"सर, डॉक्टरांच्या मुलाची पुस्तकंही सुपात ठेवायचे का?"

"अगं, जुनी माणसं ती. त्यांचं काय मनावर घ्यायचं? तू तर माझी मानसकन्या."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या, सर. तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"विषय कुठल्या कुठे नेतेस! चला, पुढची यादी घेऊ."

माझ्या चौकटीत माइकवर तांबडी रेघ आली. ती मी ओढली नव्हती.

गटातल्या एका मैत्रिणीचा मला एकटीला निरोप आला, "तुझं बरोबर आहे गं. पण चारचौघांत नको होतं." चारचौघांत हसताना तिला काही वाटले नव्हते.

संध्याकाळी आईला सांगितले. ती पडवीत कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठाव व्हतं."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. म्हातारी सुपावर पानी शिंपडायची, मी वाडीतनं बघायची."

"मग बोलली का नाहीस, आये?"

"बोलले असते तर तू गेली असतीस पुस्तकं आनायला? न्हाय ना? मग झालं तर." तिने हात थांबवले. "सूप त्यांचं व्हतं, बाय. वाचलंस ते तुजं हाय."

सर विसरले नव्हते. आईही विसरली नव्हती. सरांकडे ती गंमत म्हणून राहिली, आईकडे गिळलेला घास म्हणून. मधल्या मधे मी आभार मानत होते.

दुसऱ्या दिवशी मी तीच यादी पुन्हा गटावर टाकली. पुस्तके तीच, क्रम तोच. 'कोणामुळे' या रकान्यात लिहिले, "माझ्या आईमुळे. अपमान दिसत असून तिने मला वाचू दिले." शेवटी एक ओळ, "ही पुस्तके माझा हात लागल्यावर बाटली, असे त्या घराने मानले. आमचे शिक्षक ते जाणत होते आणि गप्प होते."

सरांनी यादी काढून टाकली. खाली लिहिले, "गटाचे वातावरण निकोप राखू या."

मी पुन्हा टाकली.

शनिवारी मुलांनी नेहमीसारखी पुस्तके अंगणात मांडली. मी सगळ्यांना गोल बसवले. म्हटले, "ऊन ओलीसाठी दाखवतात. सगळ्यांच्या पुस्तकांना सारखे. कोणी तुमच्याच हातचे पुस्तक वेगळे ठेवले, तर तिथेच, त्याच माणसाला कारण विचारायचे. मोठ्याने."

"सर असले तरी, बाई?" एका मुलीने विचारले.

"सर असले तर आधी."

गट मी सोडणार नाही. मी निघून जावे, हे त्यांना सोयीचे आहे. यादी काढतील तितक्यांदा ती तिथे येईल. पुस्तके तीच राहतील, क्रमही तोच. आभाराची ओळ मात्र मी खोडली आहे, आणि ती परत लिहिणार नाही.