ओढणीवर पाच चिमटे

चिमटेताईंच्या ओढणीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत. प्लास्टिकचे, लाल-पिवळे-हिरवे, बाजारात डझनावारी मिळतात तसले. एकेक चिमटा म्हणजे एकेक राहिलेलं काम. काम झालं की चिमटा ओढणीवरून निघायचा आणि टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत पडायचा. तो 'टण्' आवाज झाला की ताईंचा चेहरा असा खुलायचा, जसं कुणी त्यांना बक्षीस दिलंय. आणि हे सगळं त्या घरात करत नव्हत्या हो! उरणजवळ द्रोणागिरीला एका कंटेनर गोदामाच्या कागदपत्र विभागात, पंधरा माणसांच्या डोळ्यांदेखत, अठरा वर्षं करत होत्या.

हसणारे हसायचेच. पहिल्या आठवड्यात मीही हसले, खोटं कशाला बोलू? एकदा एका ट्रक ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "मॅडम, आज धुणं जास्त झालं वाटतं?" एरवी ऑफिसात ताईंची मराठी अगदी छापील, पण कुणी डिवचलं की उरणच्या खाडीकाठचं माहेर जिभेवर यायचं. त्या म्हणाल्या, "हा हिरवा दिसतो ना? तो तुझ्या पेपरांचा हाय. तो निघाल्याबिगर तुझी गाडी गेटातून हलायची नाय. आता हस किती हसायचं ते."

माझं सांगते. मी नवीन पनवेलहून कंपनीच्या बसने जायचे. सहा वर्षांतली ही माझी चौथी नोकरी होती. आधीच्या तीन मी विसरून विसरून घालवल्या होत्या. कुठे मीटिंग विसरले, कुठे फाईल, एके ठिकाणी तर साहेबांचा राजीनामा हेड ऑफिसला पाठवायचाच विसरले आणि ते महिनाभर उगाच नोकरीत राहिले. शेवटी पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हा आळस नाही, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकतच नाही, लहानपणापासूनचं आहे. तेहेतीस वर्षं ज्याच्यापायी मी 'धांदरट' म्हणून शिव्या खाल्ल्या, त्याला नाव होतं! घरी येऊन पोटभर रडले. मग दोन गोष्टी ठरवल्या. ही नोकरी जाऊ द्यायची नाही, आणि हे नाव ऑफिसात कुणाच्याही कानावर पडू द्यायचं नाही.

ताईंनी मला पंधरा दिवसांत पकडलं. त्या पनवेलच्या कोळीवाड्यातून निघून माझ्याच बसला यायच्या. शेजारी बसून म्हणाल्या, "तुझ्या चहावर दिवसातून तीनदा साय धरते. कप कुठे ठेवला ते तुला सापडत नाही. डॉक्टरने सांगितलं की अजून सांगायचंय?" मी म्हटलं, "छे हो, कामाचा ताण आहे." त्या म्हणाल्या, "असेल." मग खिडकीबाहेर बघत स्वतःचंच सांगायला लागल्या. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर मुलाविषयी एकेक प्रश्न विचारत होते आणि ताई प्रत्येक उत्तर 'मी पण' असं देत होत्या. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आता तुमचाच कागद करू या. "गोळी घेते मी," ताई म्हणाल्या. "तिचा उपयोग होतो. पण गोळी काही माझी फाईल शोधून देत नाही. ते माझं मलाच बघावं लागतं." ऑफिसात मात्र त्यांनीही हे नाव सांगितलेलं नव्हतं. "चिमट्यांना लोक हसतात. हसू देत. नावाला घाबरतील. घाबरलेला साहेब फार वाईट."

चिमटे पाचच. सहावा कधी नाही. नवीन काम घेऊन कुणी आलं की ताई ओढणी पुढे करायच्या, "बघ, जागा आहे का? नाही ना? यातला कुठला काढू ते तू सांग." मोठमोठ्या साहेबांनासुद्धा हे असंच. निम्मे लोक तिथूनच मागे फिरायचे, कारण त्यांचं तातडीचं काम तेवढं तातडीचं नसायचंच. मी आयुष्यभर सगळ्यांना 'हो, करते' म्हणत आले होते आणि मग त्या सगळ्यांच्याच शिव्या खात आले होते. नाही म्हणता येतं, तेही हसत हसत, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

त्यांच्या कपाटाला दारं नव्हती. आल्या आल्या त्यांनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर आणून ती काढून टाकली होती. ऑडिटचे लोक आले की नाक मुरडायचे. ताई म्हणायच्या, "दाराआड गेलेली वस्तू माझ्यासाठी मेली. तुम्हाला कपाट छान दिसायला हवंय की कागद मिळायला हवाय?" घरीसुद्धा तोच कारभार. मी एकदा जेवायला गेले होते, तर स्वयंपाकघरात डबे उघड्या फळ्यांवर, भाजी फ्रिजच्या तळाच्या खणात न ठेवता थेट डोळ्यांसमोर, आणि चाव्या दाराच्या कडीलाच लटकवलेल्या. मला नाक्यापर्यंत सोडायला निघताना त्या गॅसपाशी उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "आज बुधवार, सुरमईचा दिवस, गॅस बंद." मी बघतच राहिले. म्हणाल्या, "नुसतं बंद केलं तर नाक्यावर गेल्यावर वाटतं, केला की नाही? कालचा बंद केलेला आठवतो. सुरमई म्हटली की आजचाच आठवतो."

सगळ्यात मजा होती ती सोबत बसण्याची. महिनाअखेरची विवरणं भरायची वेळ आली की ताई मला बोलवायच्या, "ये गो, बस इथे." मी विचारायचे, काय करू? "काही नको. तुझं काम घेऊन नुसती बस." त्यांचे वडील होडीवर जायचे. ताई म्हणायच्या, "जाळं दुरुस्त करायला बाबा कधी एकटे बसले नाहीत. शेजारचा आपलं जाळं घेऊन यायचा. बोलायचे थोडं, हात चालायचे. एकट्याला बसवलं असतं तर बाबा उठून पत्ते कुटायला गेले असते. तेव्हा कुणी त्यांना आजारी म्हटलं नाही." आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, फार काही बोलायचो नाही, आणि तीन दिवस डोक्यावर बसलेलं काम दोन तासांत उरकायचं. काम सुरू होत नसेल तर त्या म्हणायच्या, "फाईल संपवायची नाहीये. फक्त उघडायचीय. उघड बघू." उघडली की मेली संपायचीही.

आणि भरती-ओहोटी! ताईंच्या डोक्याला सकाळी भरती. डोकं लावायची कामं त्या दहाच्या आत हातावेगळी करायच्या. जेवणानंतर ओहोटी, तेव्हा शिक्के मारायचे, फोन करायचे, यार्डात चक्कर मारायची. दुपारी कुणी किचकट हिशेब पुढे केला तर सरळ सांगायच्या, "आता पाणी उतरलंय. होडी चिखलात घालू काय?" आमच्या साहेबांना, म्हणजे गोदामाच्या मॅनेजरना, हे अजिबात पटायचं नाही. ताई म्हणायच्या, चुका मोजा, आणि मग बोला. साहेबांनी चुका खरंच मोजल्या होत्या. विभागात सर्वांत कमी ताईंच्या निघाल्या. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती ताईंनाच मिळणार, हे चहावाल्यालाही माहीत होतं.

आता माझा पराक्रम. मी हे सगळं बघत होते, मनातल्या मनात कौतुक करत होते, पण स्वतः काही करत नव्हते. लाज! एका सकाळी ताईंनी बसमध्ये एक पिवळा चिमटा माझ्या हातात ठेवला. "आज तुझ्याकडे रीफर हाय. लाव." रीफर म्हणजे थंड कंटेनर, तो यार्डात आला की लगेच विजेच्या प्लगला जोडावा लागतो, नाहीतर आतला माल जातो. आल्याची चिठ्ठी इलेक्ट्रिशियनला द्यायची, एवढंच माझं काम. मी चिमटा घेतला, गोड हसले आणि पर्समध्ये टाकला. चारचौघांत चिमटा लावून बसायला मी काय वेडी आहे? दुपारी रीफर आला. चिठ्ठी माझ्या हातात होती. तेवढ्यात गेटवर दोन ड्रायव्हरांची जुंपली, मला हाक आली, मी चिठ्ठी पटकन ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर बंद केला. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वासच सांगत आला. आतली कोळंबी परदेशी जायची होती. माल तपासणाऱ्या सर्व्हेयरने सगळा माल नापास केला.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी खुलासा न लिहिता राजीनामा लिहायला बसले. चौथ्यांदा लिहीत होते, मजकूर पाठ होता. ताईंनी तो कागद ओढून घेतला. "माफी एक ओळ. बाकी पानभर लिही, की पुढच्या वेळी ही चिठ्ठी हरवणार कशी नाय. तू रडलीस म्हणून कोळंबी परत गोठणार हाय का?" मी विचारलं, "आणि ते नाव? लिहू?" त्या म्हणाल्या, "ते तुझं तू ठरव. मी लिही म्हणणार नाय, नको लिहू पण म्हणणार नाय." मी नाही लिहिलं. घाबरले होते, सरळ सांगते.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो, साहेब, मी आणि माझ्याबरोबर आलेल्या ताई. त्यांनी खुलासा वाचला आणि बाजूला टाकला. म्हणाले, "हातातली चिठ्ठी कुणी विसरतं का? हे नॉर्मल नाही. तुम्हाला काही प्रॉब्लेम आहे का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एडीएचडी आहे." साहेब खुर्चीत मागे टेकले. "हे आधी का नाही सांगितलंत? ज्यांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांच्या हातात आम्ही रीफर द्यायचे?"

"माझ्या हातात अठरा वर्षं देताय," ताई म्हणाल्या.

साहेबांना कळलंच नाही. ताई उठून उभ्या राहिल्या. "मला पण तेच हाय. डॉक्टरचा कागद हाय, गोळी चालू हाय. अठरा वर्षांत माझा एक रीफर गेला असेल तर दाखवा. पोरीचा गेला, कारण ती लपवत होती. लपवायला तुमच्यासारख्यांनी शिकवलं. डोकं ठिकाणावर नाय म्हणायचं तर दोघींना म्हणा, आणि मग उद्यापासून तुमचा विभाग तुमी चालवा." मला रडूही येत होतं आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या.

मला ताकीद देऊन ठेवून घेतलं. ताईंनी गेटजवळ, सगळ्यांच्या नजरेसमोर एक दोरी बांधून घेतली. रीफरची चिठ्ठी आली की चिमट्याने त्या दोरीला. इलेक्ट्रिशियन प्लग जोडूनच ती काढणार. त्या दिवसापासून आजतागायत एकही रीफर सुटलेला नाही. आणि विभागप्रमुखाची खुर्ची? ती बाहेरून आणलेल्या एका तरुणाला मिळाली. ताईंच्या हातात जे पत्र पडलं त्यात कारण होतं: 'संस्थेची सध्याची गरज लक्षात घेता.' दोरी कंपनीने ठेवली. ताईंना ठेवलं नाही म्हणवत नाही, पण गोदामाच्या मागच्या टोकाला एका टेबलावर नेऊन बसवलं. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

मी त्यांच्यावर भयंकर चिडले होते. बसमध्येच भांडले, "कशाला बोललात? एक महिना कळ काढली असती तर खुर्ची तुमची होती! माझ्यासारखीसाठी?" ताई म्हणाल्या, "तुझ्यासाठी कशाला? मोठी आलीस. खुर्ची मिळाली असती, आणि मग रिटायर होईपर्यंत त्या खुर्चीत भीत बसले असते, कुणाला कळेल काय. माझं अर्धं डोकं तसंही हरवलेलंच असतं गो. उरलेलं अर्धं लपवण्यात घालवू?" मी त्यांचा हात धरून गव्हाण फाट्यापर्यंत मुसमुसत राहिले.

शेवटच्या दिवशी केक कापला, सगळ्यांना हात केला, निघाल्या. दहा मिनिटांनी परत दारात. "डबा राहिला. परत निरोपबिरोप नको, एकदा झालाय." आता त्या माहेरच्या गावी मच्छीमार सोसायटीत होड्यांचे परवाने आणि कागद बघतात. फोनवर कधी नीट बोलणं होत नाही, त्या एकदम पाच मिनिटांचा आवाजी निरोप पाठवतात, त्यात तीन विषय अर्धवट असतात. मी तो दोनदा ऐकते.

गेल्या महिन्यात तो तरुण प्रमुख दुसरीकडे गेला. साहेबांनी मला बोलावलं. साहेब तेच. म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव वर पाठवतोय. तीन वर्षांत तुमच्या कामात चूक नाही." मला ती खुर्ची हवी होती. फार हवी होती. मग आवाज उतरवून म्हणाले, "ते मागचं तुमचं... ते आता बरं आहे ना? फॉर्ममध्ये आजाराचा रकाना आहे. तो कोरा ठेवू. उगाच वरचे लोक प्रश्न विचारतात." माणूस चांगुलपणानेच बोलत होता, हेच तर वाईट.

मी म्हटलं, "बरं झालेलं नाही, साहेब. होणारही नाही. रकाना भरा."

"विचार करा मॅडम. ताईंचं काय झालं ते तुम्ही बघितलंत."

"ताईंचं काही झालं नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढलाच. "जे केलं ते तुम्ही लोकांनी केलंत. द्या इकडे."

मी फॉर्म ओढून घेतला आणि रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: एडीएचडी, जन्मापासून. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली सही केली. फॉर्म वर गेला आहे, उत्तर अजून यायचंय. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणोत. फक्त या वेळी त्यांना खरं कारण लिहावं लागेल.