केबल टेबलावरच होती

आरव, मीरा,

तुमच्या आजीने तुम्हाला कधी भुताच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. मांजर आडवं गेलं तरी मी थांबत नाही, हे तुम्ही पाहिलंय. तरी आज हे लिहितेय... आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटतेय.

जुन्नरच्या आपल्या घराची आणि शेजारच्या रेहानाच्या घराची भिंत एकच. आरव, दिवाळीत तू आपलं वाय-फाय त्यांना दिलंस आणि आपला प्रिंटरही त्यांच्या लॅपटॉपवरून चालेल असं करून गेलास. प्रिंटर जुना, त्याला स्वतःचं वाय-फाय नाही. एका केबलने तो माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला, म्हणजे त्यांचं पान माझ्या कॉम्प्युटरमधूनच यायचं.

तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली. डोळा लागतो न लागतो तोच खर्र-खर्र — आणि दारात रेहानाची सानिया, "आजी, आमचं पान आलं का?" 'दुपारी नको गं' एवढं साधं वाक्य मला म्हणता आलं नाही. चांगली शेजारीण म्हणून नाव आहे ना माझं! मी गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन शेअरिंग बंद केलं.

संध्याकाळी सानिया लॅपटॉप घेऊन आली. "आजी, तुमचा कॉम्प्युटर दिसतच नाय मला!"

"अगंबाई, असं कसं?" मी म्हटलं.

तिने राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट केला. पोरगी फरशीवर मांडी घालून घामाघूम, आणि मी शेजारी बसून तिला चहा देतेय! ती माझ्या कॉम्प्युटरकडे वळली तशी मी म्हटलं, "त्याला नको हात लावूस, आरवने करून ठेवलंय."

रेहाना दारातून हसली. "एका भिंतीला ऱ्हाऊन ही दोन मशिनी वळख देत न्हाईत? निवडून आलेले पुढारीच की हे, बाई!"

मीही हसले. त्या गेल्यावर मी प्रिंटरची केबलच उपसून टेबलावर ठेवली. न जाणो, पोरीने शोधून काढलं तर...

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी बाजारपेठेसकट सगळ्या गल्लीची लाइट गेली. सानियाला मंचरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जायचं होतं. पत्र त्याच सकाळी ऑनलाइन आलेलं आणि छापील प्रत नसेल तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. झेरॉक्सची दुकानं अंधारात. इन्व्हर्टर फक्त आपल्याकडे.

"बाई, जुळलं का हो ते?" रेहाना अंगणातून ओरडली. "पोरीची सीट जाईल!"

केबल लावायला कितीसा वेळ लागतो? पण लगेच चाललं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "नाही गं, अजून तसंच आहे. आता तर माझ्याकडूनही छापत नाही."

आत वळले... आणि खर्र-खर्र.

पान बाहेर येत होतं. त्यावर सानियाचा फोटो, सानियाचं नाव. माझा कॉम्प्युटर बंद होता, सकाळपासून सुरूच केला नव्हता. केबल टेबलावर, माझ्या चष्म्याशेजारी, दोन्ही टोकं मोकळी.

सानिया धावत आली. जाणार नाही हे माहीत असून तिने उगाच बटण दाबून पाहिलं होतं म्हणे. रेहानाने माझे हात धरले. "तुमी मनावर घेतलं म्हणून झालं, बाई. अल्ला तुमाला लई आयुष्य देवो."

मी म्हटलं, "असू दे गं."

सानियाला एसटी मिळाली, प्रवेशही मिळाला.

आरव, तू फोनवर म्हणालास, प्रिंटरच्या मेमरीत राहिलं असेल. पण पत्रच त्या सकाळी आलं होतं, केबल त्याआधीच काढलेली. मला याचं कारण अजून सापडलेलं नाही. शेअरिंग मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केलं, केबलही लावली. रेहानाला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.

काल ती पाहुण्यांना सांगत होती — बाई नसत्या तर पोरगी घरीच बसली असती. मी खिडकी लावून घेतली. पण भिंत एकच आहे. सगळं ऐकू येतं.

— आजी