वातींच्या परडीतली पुडी

परडीत अजून अर्धाअधिक कापूस शिल्लक होता. चतुराबाई मागच्या पडवीत उन्हाला पाय लांब करून बसल्या होत्या. पिंजलेला कापूस चिमटीने ओढायचा, वाटीतल्या दुधाला बोट टेकवायचं, दोन तळहातांत वात वळायची आणि आधीच्या वातींशेजारी ठेवायची. लक्ष वातींचा नेम होता. तीन वर्षांपूर्वी धरलेला. आता अकराशेच्या वर वाती उरल्या होत्या. सोमवारच्या आत त्या पुऱ्या करायच्या असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. सोमवारी मोठ्या दवाखान्यात त्यांच्या तोंडाचं ऑपरेशन होतं, आणि सोमवारच्या पलीकडचं त्यांना काही दिसतच नव्हतं.

शंभराची जुडी बांधायला सदतीस वाती कमी होत्या. कापूस घ्यायला हात परडीत गेला, तो वरचा कापूस सोडून थेट तळाशी गेला आणि तिथल्या कागदी पुडीला टेकला.

चतुराबाईंनी हात बाहेर काढला, पदराला पुसला. पुन्हा कापूस घेतला, पण वात वळेना.

ती तंबाखूची पुडी होती, आणि ती तिथे आहे हे चिक्कडपल्लीच्या त्या घरात चतुराबाईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाच्या, नरहरच्या पाठच्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तेव्हा माहेरच्या जुन्या मोलकरणीने चिमूटभर तंबाखू गालात धरायला दिली होती. दाढेचं दुखणं आठ दिवसांत थांबलं. चिमूट बावीस वर्षं थांबली नाही. भाजीवाली पालेभाजीच्या जुडीत पुडी दडवून आणायची आणि पसाभर तांदूळ घेऊन जायची. घर कडक सोवळ्याचं. सोवळं नेसून स्वयंपाकाला लागलं की दुपारपर्यंत कुणी जवळ येत नाही, कुणी शिवत नाही, फार बोलत नाही. सगळ्या घरात झाकून राहायला तेवढीच जागा होती. नैवेद्याच्या आधी त्या खळखळून चूळ भरत. पण पुरण शिजत असताना, कढी उकळत असताना डाव्या गालात काय असायचं, ते त्यांना आणि देव्हाऱ्यातल्या देवाला ठाऊक.

त्याच डाव्या गालात दसऱ्याच्या सुमाराला फोड आला. तुटक्या दाढेने गाल चावला असं त्यांनी सांगितलं. संक्रांतीपर्यंत फोडाची गाठ झाली, तिखटाचा घास जाईना, तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. मग एकनाथराव त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलणारे. चिमट्याने गाल ओढून आत दिवा धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, तमाखू रखते क्या मुँह में?"

चतुराबाईंच्या आधी एकनाथरावच बोलले. "तोबा करो डॉक्टरसाब. सोवळ्यातली बाई आहे. आमच्या घरात आजपर्यंत तंबाखूची काडी आलेली नाही."

डॉक्टरांनी चतुराबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

एकनाथराव पलीकडच्या खिडकीवर शिक्का आणायला गेले तेव्हा डॉक्टर खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "अम्मा, आप नहीं बोले, आपका गाल बोल दिया. जहाँ रखते, वहाँ निशान दिखरा. मैं साब से कुछ नहीं बोलतौं. पर आज से बंद. एक चुटकी भी नक्को." मग कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून परत आलेल्या एकनाथरावांच्या हातात दिल्या.

एकनाथरावांनी कागद शेरवानीच्या आतल्या खिशात जपून ठेवला. त्यांना तो वाचता येत नव्हता. महसूल कचेरीत अठ्ठावीस वर्षं पेशकारी केलेली, उर्दू अक्षर असं की वरचे अंमलदार मसुदा हातात धरून बघत राहायचे. पण पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली, मद्रासकडचे साहेब आले आणि कामकाज इंग्रजीत सुरू झालं. तोच कागद दोन वर्षांपूर्वी उर्दूत लिहिला गेला असता, तर एकनाथरावांनी दवाखान्याच्या पायरीवरच वाचला असता. राज्य बदललं म्हणून आपली लाज झाकली गेली, हे चतुराबाईंना टांग्यात बसल्या बसल्या कळलं, आणि त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच पुढे जास्त लाज वाटली.

चार दिवस त्यांनी पुडीला हात लावला नाही. नाम घेतलं, वाती वळल्या, सुनेला गौरीच्या सोळा भाज्यांचा क्रम पाठ करायला लावला, लोणच्याच्या बरण्यांवर नवी फडकी बांधली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. गाल आतून काढायचा, त्याबरोबर जबड्याचं हाड जाईल, काही दिवस नाकातल्या नळीने दूध. बोलणं? बोलणं सांगता येत नाही, अम्मा. शुक्रवारी दुपारी डावीकडचे दात काढू, सोमवारी ऑपरेशन. त्या घरी आल्या, पाय धुतले, देवापुढे बसल्या. जपमाळ कोनाड्यातच राहिली. भीती वाटली की हात आधी कुठे जातो, ते त्या दिवशी त्यांना समजलं.

आज गुरुवार होता.

"आहात का हो चतुराबाई?" म्हणत शेजारच्या इंदुताई अंगारा घेऊन पडवीत आल्या आणि पाटाची वाट न बघता टेकल्या. "अगंबाई, अजून वाती? धन्य आहे. सूनबाई, बघून ठेव हो. आता पुरण तुलाच वाटायचंय. इंग्रजी बोलून वाटलं जात नाही ते."

चतुराबाईंची सून सुमन तांदूळ निवडत होती. मॅट्रिक झालेली, नांदेडकडची. "वाटते की मावशी. पाट्याला कुठे इंग्रजी कळतं."

"जीभ बघा," इंदुताई हसल्या आणि मग चतुराबाईंच्या गालाकडे बघून त्यांनी सुस्कारा टाकला. "देवाचा न्याय काही समजत नाही बाई. तुमच्यासारखीला हे, आणि ती तुमची सत्यवतम्मा. गौरीच्या सोवळ्यात तंबाखू चघळणारी. तिला काही होत नाही. परवा दिसली, वसतिगृहाची पातेली घासत होती. दात सगळे शाबूत."

चतुराबाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"मीच चार घरी सांगून ठेवलं म्हणून, नाहीतर अजून कुणाकुणाच्या नैवेद्याला हात लावत बसली असती," इंदुताई म्हणाल्या. अंगारा लावून, दुपारच्या चहाला थांबून, त्या गेल्या.

सत्यवतम्मा बरकतपुऱ्याला राहायची. तेलुगू ब्राह्मणाची विधवा, सणावाराला हाताखाली येणारी. दीड वर्षापूर्वी, पोलिस ॲक्शनच्या आदल्या आठवड्यात गौरी आल्या होत्या. रझाकारांच्या धास्तीने रस्ते ओस पडलेले, तरी ती पहाटे चालत आली, विहिरीवर नाहली, ओलेत्याने पुरण वाटायला बसली. सासूबाई तेव्हा होत्या. पाट्यामागे त्यांना पुडी सापडली. ती चतुराबाईंच्या कनवटीतून पडली होती.

"ही कुणाची?" सासूबाईंनी विचारलं. घरच्या सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"नादि कादम्मा," सत्यवतम्मा म्हणाली. माझी नाही. आणि तिने चतुराबाईंकडे पाहिलं. एकदाच. इतक्या जवळ बसून वाटणघाटण करणाऱ्या बाईला वास आल्याशिवाय राहिला नसणार. तिला माहीत होतं. ती बोलली नाही, आणि चतुराबाई कढईतलं पुरण ढवळत राहिल्या. एकनाथरावांनी उंबऱ्याबाहेरून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ती तशीच ओल्या लुगड्याने त्या ओसाड रस्त्यावरून चालत गेली.

तिला वाटेत काही झालं नाही, एवढं मागाहून कळलं. तेवढ्यावर चतुराबाईंनी दीड वर्ष काढलं.

"आत्याबाई," सुमन सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक बोलू?"

"बोल."

"तो दवाखान्याचा कागद मी वाचलाय. मामंजींनीच दिला होता, काय लिहिलंय विचारायला."

चतुराबाईंनी खाली मान घातली. "काय लिहिलंय?"

"तंबाखू, पुष्कळ वर्षं, डावा गाल." सुमन तांदळातले खडे बोटाने सरकवत राहिली. "मी मामंजींना सांगितलं, वय आणि वजन लिहिलंय. यांनाही काही बोलले नाही. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

लेकराने चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण चतुराबाई मनात माणसं मोजत गेल्या. सासू काही न कळताच गेली, नवरा फसला, एका गरीब बाईची भाकरी गेली, डॉक्टर गप्प बसला, आणि आता दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली पोर सासऱ्याशी खोटं बोलली. एवढी माणसं त्या एका चिमटीने बांधली होती.

"तू माझ्यासाठी खोटं बोलायला नको होतंस," त्या म्हणाल्या. शब्द गालात अडखळत आले.

"मग काय करायचं होतं?"

चतुराबाईंनी परडीत हात घातला, पुडी काढली, उठल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

दिवेलागण व्हायची होती. एकनाथराव खिडकीपाशी बैठ्या मेजावर वाकून बसले होते. पावलं ऐकताच त्यांनी पुढ्यातली वही झटकन उर्दू फायलीखाली सारली. ती नरहरच्या शाळेतल्या वहीसारखी चाररेघी वही होती. बावन्नाव्या वर्षी पेशकारसाहेब एबीसीडी गिरवतात, हे कुणाला दिसू नये म्हणून ते दिवा लागायच्या आत उरकून घेत. चतुराबाईंना ते कधीपासून माहीत होतं. त्यांनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

चतुराबाईंनी पुडी मेजावर ठेवली.

एकनाथरावांनी ती उघडली, वास घेतला. "ही कुणाची?"

तोच प्रश्न, तेच शब्द. "माझी," चतुराबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली."

बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. एकनाथराव पुडीकडेच बघत होते. कचेरीत चौकशी चालवावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "आणि गौरीच्या वेळची?"

"तीही माझीच."

"मी तिला हाकलली."

"हौ. तुम्ही बोललात, आणि मी पुरण ढवळत होते."

"आईला ठाऊक होतं?"

"नाही. सत्यवतम्माला ठाऊक होतं."

एकनाथरावांनी वर पाहिलं. "मग ती बोलली का नाही?"

"बोलली असती तर खरं मानलं असतंत?"

एकनाथराव उठले. खुंटीवरच्या शेरवानीतून त्यांनी दवाखान्याचा कागद काढला, उलगडला आणि ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी तेवढा शब्द मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिला होता. "टी," ते पुटपुटले. "ओ. बी." बोट पुढे सरकत गेलं, शेवटाला जाऊन थांबलं. आयुष्यात कुणाची मदत न घेता वाचलेला त्यांचा हा पहिला इंग्रजी शब्द होता. त्यांनी कागदाची घडी घातली, ती जुळेना, पुन्हा घातली.

"उद्या सकाळी मला तिच्याकडे जायचंय," चतुराबाई म्हणाल्या.

"आता? या अवस्थेत? मी चिठ्ठी लिहितो. माणूस धाडतो."

"तिला वाचता येत नाही. आणि माझा गुन्हा तुमच्या अक्षरात नको." त्यांनी गालाला पदर लावला, लाळ येत होती. "उद्या दुपारी दात काढतील. मग तोंड सुजेल. सोमवारनंतर शब्द फुटेल की नाही, देवाला ठाऊक. तिच्यापुढे काय खुणा करत बसू? तोंड आहे तोवर तोंडाने सांगते."

"इंदुताईंना कळेल. गल्लीभर होईल."

"त्यांना तर मीच सांगणार आहे. त्यांनी चार घरी पोचवलं होतं, हेही पोचवतील."

एकनाथराव हसले नाहीत. "क्षमा केली नाही तिने, तर?"

"तर नाही केली."

आत सुमनने देवाला दिवा लावल्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला. त्या दिव्यात कुठल्या परडीतली वात आहे, हे आठवून चतुराबाईंनी नजर वळवली. लाखाच्या जवळ आलेल्या त्या सगळ्या वाती देवाने मोजल्या की नाही, हे आता त्याचं तो जाणे.

"सातला रिक्षा सांगून येतो," एकनाथराव शेवटी म्हणाले. "मी बरोबर येईन. पण दारात मी काय तोंडाने उभा राहू?"

"तुम्ही कोपऱ्यावर थांबा. आधी मी जाते. मग तुमचं तुम्ही बघा."

सुमन पुडी घ्यायला आली. तिने ती न्हाणीघरातल्या बंबात टाकली. धुराचा वास पडवीभर झाला, आणि चतुराबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. एवढं सगळं बोलून झाल्यावरही गाल ते मागत होता.

"उरलेल्या वाती मी वळू का?" सुमनने विचारलं.

"आज नको. परडी धू, उद्या उन्हात टाक. कापूस नवा आण."

मग त्यांनी सकाळी नेसायचं लुगडं काढून दांडीवर टाकलं आणि सुनेला सांगितलं, "सातला रिक्षा येईल. आधी बरकतपुऱ्याला, सत्यवतम्माच्या घरी. दवाखान्यात दुपारी दोनला."