तीनशे पावलांवरचं सांबर

खेडच्या मोजणी कचेरीत साखळी ओढणारा तो शिपाई हातात साखळी नसली तरी मोजतच असे. चहाच्या दुकानापासून वडापर्यंत चालला तरी ओठ हलायचे. वाटेत कुणी रामराम घातला तर आधी आकडा पुटपुटायचा, मग रामराम.

रान त्याच्या पायाखालचं. पण साठ पावलांपलीकडच्या जनावरावर तो बंदूक उचलायचा नाही. "त्याच्या पुढं नेम नसतो साहेब, नवस असतो," म्हणायचा. मी पिंपरीच्या कारखान्यातला हेडक्लार्क, नुकतीच रायफल घेतलेला. मला तो सरळ भित्रा वाटे.

त्या पौषात त्याला वाटाड्या म्हणून घेऊन शिकारीला गेलो, तेव्हा आम्हाला डोंगरात सांबर दिसलं. "लई लांब हाय. जवळ जाऊ," तो कुजबुजला. मी तिथूनच गोळी झाडली. सांबर कोलमडलं, उठलं आणि मागचा पाय ओढत झाडीत शिरलं.

तो रक्ताचा माग काढत चालू लागला, मी मागोमाग. त्याचे ओठ हलत होते. मला शिव्या देत असावा, असं वाटलं. दिवस कलताना ते ओढ्यात बसलेलं सापडलं. शेवटची गोळी त्यानेच घातली, चार पावलांवरून.

बाजारच्या दिवशी चहाच्या दुकानात मी हात फाकवून शिंगं दाखवत होतो. "तीनशे पावलांवरून पाडलं!" लोक वा वा करत होते. कोपऱ्यात तो बशीतला चहा फुंकत होता.

"तीनशे न्हाई साहेब," तो अदबीनं म्हणाला. "अकरा हजार चारशे. मी मोजलीत."