नाथाचा उजवा कौल

मेंदूतल्या बिघडलेल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करण्यात माझं उभं आयुष्य गेलं, पण विट्याजवळच्या त्या एका घराण्यापुढे मी अगदी हात टेकले होते. त्या घरच्या कर्त्या आक्कांचे दोन तरणे मुलगे, परराज्यात सोनं वितळवून शुद्ध करायचं गलाईचं काम करणारे, मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. हा दोष रक्तातूनच पुढे येतोय, अशी माझी खात्री होती. पण घरच्यांचं रक्त तपासल्याशिवाय तो सापडणार कसा? भीतीपोटी कुणी हात पुढे करत नव्हतं. आक्कांची धाकटी लेक सुनंदा तर हल्ली डोकं धरून बसायची.

गलाईवाले देशभर पांगलेले. सगळे एकत्र येतात ते नाथाच्या, त्यांच्या कुलदैवताच्या, जत्रेला. म्हणून मी कोरेगावच्या माझ्या प्रयोगशाळेतून रक्त घ्यायच्या नळ्या घेऊन थेट जत्रा गाठली. घसा बसेपर्यंत समजावलं. शेवटी आक्का म्हणाल्या, "आवं डॉक्टरीणबाई, कळून तरी काय करायचं? आमी देवाला इचारतो. त्यो व्हय म्हणला तर टोचा."

झालं! माझं सगळं संशोधन आता फुलाच्या पाकळीवर. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुराव्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण शेजारी सुनंदा उभी होती, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. काय मागावं तेच सुचेना. मनात एवढंच म्हणाले, माझं सगळं करून झालं, आता तू बघ. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आणि उजवी पाकळी सुटली! "नाथबाबाच्या नावानं चांगभलं!" देऊळ दुमदुमलं. आक्कांनीच आधी बांगड्या वर सारून हात पुढे केला, मग अशी झुंबड उडाली की माझ्या नळ्या संपल्या.

दोष सापडला. सुनंदाच्या रक्तातही निघाला. सांगलीत स्कॅन केलं, तर मेंदूत द्राक्षाच्या घडासारखा रक्तवाहिन्यांचा गुंता, फुटायच्या बेतात. शस्त्रक्रियेत तो अख्खा निघाला.

पाकळी का पडली, यावर मी वाद घालत नाही. पुढच्या जत्रेत सुनंदा, नुकतेच उगवलेले केस घेऊन, पालखीपुढे नाचत होती. तिनं मला गुलालानं माखून टाकलं आणि मला रडूच फुटलं. आक्कांनी विचारलं, "तवा देवाला काय मागितलं वतं?"

"काहीच नाही, आक्का. सुचलंच नाही."

"बघा," त्या हसल्या, "न मागता लय दिलं की!"

आता प्रयोगशाळेत शिरताना मी रोज हात जोडते. मागत मात्र काहीच नाही.