देवरावच्या जीपचे मागचे दिवे

ब्रह्मपुरीच्या जीप स्टँडसमोर नईमभाऊंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ आरिफ सात वर्षांचा होता. नईमभाऊंनीच त्याला वाढवलं, हाताखाली घेऊन काम शिकवलं आणि कोरपन्याची अरीबा पाहून त्याचं लग्न लावून दिलं. अनोळखी माणसं दोघांना बापलेकच समजत.

२००८ च्या दिवाळीनंतर नागपूरहून एलईडीचे बल्ब आले. आमच्याकडच्या रस्त्यांवर जुन्या बल्बची तार धक्क्याने तुटायची, सवाऱ्या नेणारे काळीपिवळी जीपवाले सारखे दुकानात यायचे. एलईडीत तारच नाही, तर तुटणार काय? सावली गावाला सवाऱ्या नेणाऱ्या देवरावने सगळ्यांत आधी मागचे दिवे बदलून घेतले. तो लालभडक उजेड पाहून बाकीचेही आले. महिनाभरात चौदा जीपा झाल्या.

डिसेंबरात एका सकाळी धानाच्या बांध्यांवर दाट धुकं होतं. देवराव सवारी घ्यायला रस्त्यातच थांबला. मागून मोटरसायकलवर आरिफ येत होता. तो जीपवर आदळला आणि जागीच गेला. पंचनाम्यात धुक्याचं कारण लिहिलं गेलं. सगळ्यांनी तेच मानलं.

देवराव मात्र आरिफच्या मातीहून परतताना रडत म्हणाला, "नईमभाऊ, लाइट चालू होते. मी ब्रेकबी मारला होता. मंग त्याले दिसलं काऊन नाई?"

तिसऱ्या दिवशी नईमभाऊंनी ती जीप दुकानात आणवली. दिवे लावले, देवरावला ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन उभे राहिले. उजेड होता तसाच राहिला. जुन्या बल्बात दोन तारा असत, एक मंद जळणारी, दुसरी ब्रेक दाबताच भडकणारी. हा बल्ब दोन्ही वेळा सारखाच लाल, त्यामुळे धुक्यात मागच्याला जीप चालती आहे की थांबली, ते कळणारच नव्हतं. बसवताना त्यांनी दिवा लावून पाहिला होता, ब्रेकही वेगळा पाहिला होता. दोन्ही एकदम पाहायचं राहिलं होतं.

ते चाकाशी खाली बसले. कोणाला सांगू नका, असं देवरावने परोपरीने विनवलं. घरी बायको शहजादीनेही त्यांचे पाय धरले.

अरीबा इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यानंतरच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात होती. नईमभाऊ पडद्याबाहेर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

"भाईजान, तुम्ही सांगितलं नसतं तं मले कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. "काऊन सांगितलं?"

"तुह्यासमोर रोज खोटं घेऊन कसा राहू?"

"मले तं आता या घरातच राहता येत नाई."

दुसऱ्या दिवसापासून नईमभाऊंनी एकेक जीप गाठून जुने बल्ब परत बसवले आणि प्रत्येकाला कारण सांगितलं. त्यानंतर बरीच गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली.

इद्दत संपताच अरीबा माहेरी गेली. दर ईदेला नईमभाऊ बसने कोरपन्याला जातात. तिची आई शीरखुर्म्याची वाटी आणून ठेवते. अरीबा बाहेर येत नाही. ते वाटी संपवतात, आतल्या दाराकडे पाहून सलाम करतात आणि परतीच्या बससाठी निघतात.