उलटा शर्ट

ओमानमध्ये गालामधल्या आमच्या गॅरेजात एक ओमानी ड्रायव्हर होता, बहल्याकडचा. त्याच्या गावातली शेकडो वर्षांची समजूत त्याने एकदा चहा पिता पिता सांगितली. जादूगार माणसाला पळवतो. घरचे समजतात मेला, आणि दफन करून मोकळे होतात. तो मात्र जादूगाराकडे राबत असतो, जिवंत, घरची वाट विसरलेला. अशा माणसाला तिकडे मुगय्यब म्हणतात.

"मतलब हम लोग!" मी म्हटलं. सगळे खदखदून हसले, ड्रायव्हर सोडून.

शुक्रवारी गावी फोन लावला, तेव्हा मुलीला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. सात वर्षांची होती. खरं तर मला विषय टाळायचा होता. मे महिन्यात मी येणार नव्हतो. घरावर स्लॅब टाकायचा म्हणून मीच सुट्टी विकली होती. तिला सांगितलं, "अर्बाब सोडत नाही गं." अर्बाब म्हणजे मालक. तो बिचारा जा म्हणत होता.

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला चकवा लागलाय."

चकवा आमच्या कोकणातला. रानात माणसाला गोल गोल फिरवतो, घर समोर असून दिसू देत नाही. त्यावर उपाय एकच, अंगातला शर्ट उलटा करून घालायचा.

"शर्ट उलटा घाला. घालाल ना?"

"घालतो," म्हटलं.

भुतं म्हटली की आपल्याला शिंगं आणि सुळे आठवतात. पण बहला काय नि कोकण काय, खरी भीती गेलेलं माणूस परत न येण्याची. ती माझ्याच पोरीच्या पोटात होती, आणि मी तिला वर भुतांच्या गोष्टी सांगत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगितलं नाहीच.

पुढच्या वर्षी गेलो. पोरीने दारातच विचारलं, "उलटा घातलात ना?" मी हो म्हणालो. मग वाडीभर सांगत सुटली, बाबांना मीच आणलं. मी शेजारी उभा राहून मान डोलवत होतो.

निघायच्या दिवशी ती रडली नाही. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

गालाला खोलीवर पोचून बॅग उघडली. सगळे शर्ट उलटे करून, घड्या घालून ठेवले होते. बाह्यासुद्धा आठवणीने उलट्या केलेल्या.

सकाळी ड्युटी होती. मी खाटेवर बसून एकेक शर्ट सुलटा केला.